सुरगाठ आणि निरगाठ

भोपाळच्या दक्षिण भागात ‘चार इमली’ नावाची एक वसाहत आहे. नाव अगदी साधे. चार चिंचा, एवढाच त्याचा अर्थ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन भोपाळ हे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे नगर झाले आणि तलावांच्या दक्षिणेस एक नवे शहर वसू लागले. मंत्र्यांचे व वरिष्ठ अधिकाऱ्यांचे बंगले असलेली चार इमली ही त्या नव्या शहराचीच एक वसाहत होय. जुने शहर उत्तरेस राहिले. त्याच्याही उत्तरेला, रेल्वे स्थानकापासून फार दूर नव्हे अशा जागी, युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना उभा राहिला.

१९८४ सालच्या २ डिसेंबरची रात्र उलटून ३ डिसेंबर उजाडण्याच्या सुमारास या कारखान्याच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. टाकीत सुमारे ४० टन द्रव होता. पाणी आत शिरल्याने तो तापला, उकळला आणि बाहेर पडला. जयप्रकाशनगर, काझी कँप, चोला, रेल्वे वसाहत अशा दाट वस्तीवरून त्याचा लोट गेला. नवे शहर बव्हंशी त्याच्या वाटेबाहेर राहिले. शासनाने मान्य केलेला मृत्यूंचा एक आकडा ३,७८७ आहे. पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठी संख्या सांगत आल्या आहेत.

या घटनेचा इतिहास सहसा कायद्याच्या, उद्योगाच्या किंवा राजकारणाच्या अंगाने सांगितला जातो. परंतु तिला आणखी एक इतिहास आहे व तो शरीरातील पेशींच्या आत घडलेला आहे. जे वाचले त्यांच्यावर कोणता उपचार करावा, त्यांच्या पुढील आजारांचे कारण कोणते मानावे, हे प्रश्न शवविच्छेदनगृहापासून सचिवालयापर्यंत आणि तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. या सर्वांच्या मुळाशी एकच शास्त्रीय प्रश्न होता : विष शरीरातील प्रथिनांना कोठे धरते, आणि किती घट्ट धरते?

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. परंतु जिवंत पेशीच्या आत प्रथिने ही अन्न म्हणून नसतात. ती तेथील कामकरी मंडळी असतात. कोणी प्राणवायू वाहून नेते, कोणी साखरेचे ज्वलन घडविते, कोणी मज्जातंतूंचा निरोप पोहोचल्यावर तो पुसून टाकते. ही सर्व कामे एका क्रियेवर आधारलेली आहेत. प्रथिन एखाद्या पदार्थाला पकडते, काही काळ धरून ठेवते आणि सोडून देते. पकडणे जितके महत्त्वाचे तितकेच सोडणेही. आपल्याकडे गाठीचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. सुरगाठ एक टोक ओढताच सुटते. निरगाठ ओढावी तितकी आवळत जाते आणि शेवटी दोरी कापावी लागते. जीवनाचे बहुतेक व्यवहार सुरगाठींवर चालतात. विषांपैकी काही सुरगाठ मारतात, काही निरगाठ. आणि उपचार करणाऱ्याला प्रथम हेच ओळखावे लागते की समोरची गाठ कोणत्या जातीची आहे.

या विचाराची पहिली पायरी रक्ताच्या अभ्यासात घातली गेली. १८५७ साली क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, कोळशाच्या अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील प्राणवायूला हुसकावून त्याची जागा बळकावतो. रक्तातील ज्या लाल प्रथिनावर हा प्रसंग ओढवतो त्याला १८६४ मध्ये होप्पे-झायलर या जर्मन शास्त्रज्ञाने हीमोग्लोबिन हे नाव दिले. मराठीत त्यालाच रक्तारुण म्हणतात. पुढे इंग्लंडमध्ये जॉन हाल्डेन यांनी खाणींतील अपघातांचा अभ्यास करताना हा विषारी वायू स्वतः हुंगून पाहिला व आपल्याच रक्ताची परीक्षा केली. अशा अभ्यासांतून निष्पन्न झाले की, हीमोग्लोबिनची कार्बन मोनॉक्साइडवरील पकड प्राणवायूवरील पकडीच्या दोनशे पटींहूनही अधिक घट्ट असते. त्यामुळे हवेत या वायूचा अल्पसा अंश असला तरी माणूस गुदमरतो. तथापि हीही सुरगाठच होय. रोग्याला भरपूर शुद्ध प्राणवायू दिला तर गर्दीच्या जोरावर प्राणवायू आपली जागा परत मिळवतो. एकेकट्या रेणूची पकड कमी असली तरी संख्या मोठी असेल तर पारडे फिरते, हा पहिला धडा येथे मिळाला.

दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या क्रिस्तियान बोर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सिद्ध केले की, हीमोग्लोबिनची पकड सर्वत्र सारखी नसते. जेथे कार्बन डायऑक्साइड अधिक, म्हणजे काम करणाऱ्या स्नायूंत, तेथे ती सैल होते; फुप्फुसात तो बाहेर टाकला जाताच ती पुन्हा घट्ट होते. हमालाने बंदरावर ओझे घ्यावे आणि वखारीत उतरवावे, तसाच हा व्यवहार. पकड कायमची घट्ट असती, तर ओझे कधीच उतरले नसते.

तरीही एक कोडे पुष्कळ वर्षे राहिले. तांबड्या पेशी फोडून, त्यांतील हीमोग्लोबिन पूर्ण शुद्ध करून परीक्षानळीत घातले, की ते प्राणवायूला वाजवीपेक्षा फार घट्ट धरून बसे. इतक्या घट्ट पकडीने शरीराचे काम चालणे शक्यच नव्हते. मग पेशीच्या आत असताना तेच प्रथिन प्राणवायू इतक्या सहज कसा सोडते? १९६७ मध्ये अमेरिकेत दोन निरनिराळ्या ठिकाणी याचे उत्तर सापडले. तांबड्या पेशीत डायफॉस्फोग्लिसरेट नावाचा एक लहानसा पदार्थ जवळजवळ हीमोग्लोबिनच्या रेणूंइतक्याच संख्येने असतो. तो हीमोग्लोबिनच्या पोटात शिरून त्याची मूठ सैल करतो. शुद्धीकरणात हा पदार्थ धुऊन जाई आणि शास्त्रज्ञांच्या हाती पडे ते शुद्ध परंतु अर्धवट सत्य. रक्तपेढीत साठविलेल्या रक्तातही हा पदार्थ कमी होत जातो व त्या रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायू सोडावयास नाखूश बनते, हेही यानंतर स्पष्ट झाले. परीक्षानळीत मोजलेली पकड आणि पेशीतील वागणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशीत शेजारी कोण आहेत, किती आहेत, गर्दी केवढी आहे, यावर प्रथिनाचे वागणे ठरते. भोपाळच्या कथेत हा धडा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

रक्ताने पोहोचविलेल्या प्राणवायूचे पेशी काय करतात, याचा शोध केंब्रिजमध्ये लागला. १९२५ मध्ये डेव्हिड केलिन यांनी सायटोक्रोम या रंगीत प्रथिनांचा छडा लावला. ही प्रथिने पेशीच्या श्वसनाची साखळी होत. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जात जात अखेरीस सायटोक्रोम ऑक्सिडेझ या प्रथिनापाशी येतात आणि तेथे प्राणवायूशी त्यांचा संयोग होतो. या शेवटच्या प्रथिनाच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो व सायनाइड हे विष नेमके त्यालाच धरते. फुप्फुसे हवा घेत असतात, रक्त प्राणवायूने भरलेले असते. पण पेशीला तो वापरता येत नाही. भरल्या ताटासमोर बसलेल्या माणसाचे तोंड बांधावे, तशी ही अवस्था. न वापरलेला प्राणवायू नीलेतील रक्तातही तसाच राहतो, आणि म्हणून सायनाइडने मेलेल्या माणसाचे रक्त पुष्कळदा लालभडक दिसते.

याच केंब्रिजमध्ये एका मराठी संशोधिकेने या साखळीच्या अभ्यासात मोलाची भर घातली. भोपाळपासून फार लांब नसलेल्या इंदुरात जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून आरंभी प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी आग्रह धरला, वर्षभराच्या परीक्षेची अट पत्करली आणि ती पार पाडली. पुढे केंब्रिजला सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात काम करताना त्यांना बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतींतही सायटोक्रोम सी आढळले. प्राण्यांप्रमाणेच वनस्पतीही याच साखळीने श्वसन करतात, हा त्या शोधाचा अर्थ. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. शास्त्रविषयात ती पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

कमलाबाईंच्या मुंबईतील उत्तरायुष्यातील कामातही हाच विषय निराळ्या रूपाने आला. कडधान्यांतील काही प्रथिने आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक प्रथिनाला धरून त्याचे काम थांबवितात. त्यांचा त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. अशी प्रथिने चिंचोक्यातही असतात. या वर्गातील काही जोड्या इतक्या घट्ट असतात की, नुसत्या पाण्यात ठेवल्यास त्या सुटावयास महिने लागावेत. तरीही माणूस कडधान्ये खाऊन जगतो, कारण चुलीवरची उष्णता त्या प्रथिनांची घडीच विस्कटून टाकते. निरगाठ सुटली नाही, तरी दोरी जाळता येते, हे स्वयंपाकघराला शास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

आणखी एका योगायोगाची नोंद येथे करणे जरूर आहे. कमलाबाईंचे गुरू हॉपकिन्स यांनीच १९२१ मध्ये पेशीतील एका लहान गंधकयुक्त पदार्थाला ग्लुटाथायोन हे नाव दिले होते. पेशीत शिरणाऱ्या उपद्रवी पदार्थांना धरून बाहेर नेऊन सोडणे हे त्याचे एक काम. भोपाळच्या विषाचा माग काढताना शास्त्रज्ञांना अखेर याच ग्लुटाथायोनच्या दाराशी यावे लागले.

आता कारखान्याकडे वळावयास हरकत नाही. तेथे जे कीटकनाशक तयार होई ते ‘सेव्हिन’ या नावाने विकले जाई; त्याचे रासायनिक नाव कार्बारिल. त्याचा गुणही गाठीच्याच बळावर अवलंबून आहे. मज्जातंतूंचा निरोप पुसून टाकणारे कोलिनेस्टेरेझ नावाचे प्रथिन कीटकांत असते तसेच माणसांतही असते. कार्बारिल त्याला धरते. निरोप पुसला जात नाही, स्नायू आखडतात, कीटक मरतो. परंतु ही गाठ काही तासांत आपोआप सुटत जाते. उलट फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची गाठ सहजी सुटत नाही, आणि काळ लोटला की ती पक्की होऊन बसते. या कारणाने कार्बारिल हे माणसाला तुलनेने कमी धोक्याचे औषध म्हणून नावाजले गेले. दुर्दैव असे की, ते बनविण्यासाठी वापरला जाणारा मिथिल आयसोसायनेट हा कच्चा माल अतिशय उग्र होता. ३९ अंश सेल्सिअसला उकळणारा हा द्रव पाण्याशी, आम्लाशी, धातूंच्या अंशाशी आणि प्रथिनांशी झपाट्याने संयोग पावतो. सुरगाठीचे औषध करण्यासाठी निरगाठीचा पदार्थ टाकीत साठविला गेला होता.

३ डिसेंबरच्या सकाळी हमीदिया रुग्णालय आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालय माणसांनी भरून गेले. डोळे जळत होते, श्वास लागत होता, फुप्फुसांत पाणी भरत होते. न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांनी शवविच्छेदने केली, तेव्हा रक्ताचा व अवयवांचा लालभडक रंग त्यांच्या नजरेत भरला. सायनाइडची शंका त्यांना आली ती तेव्हाच. मिथिल आयसोसायनेट पुष्कळ तापल्यास त्याच्या विघटनातून हायड्रोजन सायनाइड निर्माण होऊ शकतो. मात्र टाकीत तितकी उष्णता किती प्रमाणात उत्पन्न झाली, याबद्दल मतभेद होते आणि राहिले.

सायनाइडवरील उतारा त्या वेळी पन्नास वर्षांचा जुना होता व त्याचेही तत्त्व गाठीचेच आहे. सायनाइडची सायटोक्रोम ऑक्सिडेझवरील पकड घट्ट असली तरी ती सुरगाठ होय. १९३३ मध्ये दोन स्वतंत्र शोध लागले. एक असा की, नायट्राइट दिल्याने काही हीमोग्लोबिनमधील लोहाचे रूप पालटते. ते सायनाइडला ओढून घेते आणि पेशींतील सायनाइड रक्ताकडे परत येऊ लागते. दुसरा असा की, यकृतातील ऱ्होडॅनेझ हे प्रथिन, थायोसल्फेटमधील गंधक घेऊन सायनाइडचे थायोसायनेटमध्ये रूपांतर करते. हे थायोसायनेट बरेच निरुपद्रवी असून मूत्रावाटे निघून जाते. म्हणजे उपचाराने गाठ तोडली जात नाही. सुटलेले विष पुन्हा परत येऊ नये, अशी व्यवस्था केली जाते. सोडियम थायोसल्फेट हे औषध स्वस्त आहे आणि योग्य मात्रेत फारसे अपायकारक नाही. मूत्रातील थायोसायनेट वाढते की नाही हे पाहून त्याचा परिणामही मोजता येतो.

म्यूनिकहून आलेले विषतज्ज्ञ डॉ. माक्स डाऊनडेरर यांनी थायोसल्फेट आणले व काही रुग्णांना दिले. कंपनीच्या वैद्यकीय विभागानेही आरंभी सायनाइडची शंका असल्यास हा उपचार करण्याचा सल्ला कळविला होता; पुढे कंपनीची भूमिका बदलली. राज्याच्या आरोग्ययंत्रणेकडून त्याच महिन्यात आदेश निघाला की, सायनाइडची विषबाधा प्रयोगशाळेत निर्णायकपणे सिद्ध झाल्याखेरीज हे औषध देऊ नये. वरवर पाहता हा आदेश शास्त्राला धरून होता. पुराव्यावाचून औषध देऊ नये, असे कोणीही म्हणेल. परंतु ज्या विषाचा पुरावा मिळविण्याची साधी रीत म्हणजे ते औषध देऊन मूत्र तपासणे हीच होती, त्याच्या बाबतीत आधी पुरावा मागणे म्हणजे विहिरीला पाणी लागल्यावरच खोदण्याची परवानगी देण्यासारखे होते.

जानेवारी १९८५ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने गांधी वैद्यकीय महाविद्यालयात रीतसर परीक्षण हाती घेतले. काही रुग्णांना थायोसल्फेट आणि काहींना नुसते निरुपद्रवी द्रावण देण्यात आले. कोणाला काय मिळाले हे रुग्णास वा तपासणाऱ्या डॉक्टरास ठाऊक नव्हते. औषध मिळालेल्यांच्या मूत्रातून थायोसायनेट कितीतरी अधिक बाहेर पडले व बऱ्याच जणांना बरेही वाटले. फेब्रुवारीत परिषदेने या औषधाची शिफारस केली. तरीही उपचार सर्वदूर पोहोचला नाही. जून १९८५ मध्ये ही इंजेक्शने देणाऱ्या एका स्वयंसेवी दवाखान्यावर पोलिसांचा छापा पडला व तेथील डॉक्टरांना अटक झाली. त्याच वर्षी प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टरांच्या संघटनेने मार्चमध्ये जयप्रकाशनगर आणि गॅसचा उपद्रव कमी झालेले अण्णानगर यांची घरोघर पाहणी करून तुलना केली होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी पीडितांच्या फुप्फुसांची तपासणी करीत होते. औषधाच्या एका कुपीभोवती न्यायालय, पोलीस, संशोधक आणि स्वयंसेवक असे सारे गोळा झाले होते.

परंतु परिषदेच्या परीक्षणाने एक कोडे सोडविताना दुसरे पुढे केले. सायनाइड शरीरात आठवडेच्या आठवडे टिकत नाही. एक तर तो जीव घेतो किंवा शरीर त्याला बाहेर काढते. मग दोन महिन्यांनी दिलेल्या थायोसल्फेटने एवढे थायोसायनेट बाहेर पडावे तरी कोठून? परिषदेचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. श्रीरामाचारी यांनी यावर असे स्पष्टीकरण मांडले की, मिथिल आयसोसायनेटने शरीरातील प्रथिनांवरच आपला शिक्का मारला. त्यामुळे सायनाइडचा निचरा करणारी शरीराची नित्याची व्यवस्था बिघडली आणि सायनाइडजन्य द्रव्यांचा साठा वाढून राहिला. हे स्पष्टीकरण सर्वांनी मान्य केले नाही. तथापि प्रथिनांवरील शिक्क्याची गोष्ट मात्र पुढे पक्क्या पुराव्यानिशी सिद्ध झाली.

येथे एका प्रबळ समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. मिथिल आयसोसायनेट इतका उतावळा पदार्थ आहे की, तो डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या ओल्या आवरणावरच खर्ची पडतो, रक्तात शिरूच शकत नाही, असे पुष्कळांचे मत होते. परीक्षानळीतील वागणूक पाहता हे मत चुकीचे म्हणता येत नव्हते. पण त्याचा व्यवहारातील अर्थ फार मोठा होता. विष रक्तात गेलेच नसेल, तर फुप्फुस व डोळे यांवाचून इतर अवयवांचे आजार, स्नायूंचा थकवा, गर्भपात, मज्जासंस्थेच्या तक्रारी यांचा गॅसशी काहीएक संबंध नाही असे म्हणावयास वाट मोकळी होत होती. आणि मग त्यांच्या भरपाईची जबाबदारीही उरत नव्हती.

ही समजूत दोन बाजूंनी ढासळली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील शास्त्रज्ञांनी या वायूचा प्राण्यांवर प्रयोग केला, तेव्हा हीमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाशी असलेल्या व्हॅलीन या घटकाला त्याचा रेणू पक्का जोडलेला आढळला. तसाच माग भोपाळच्या पीडितांच्या रक्तातही लागला. हीमोग्लोबिन तांबड्या पेशींच्या आत असते. तेथवर पोहोचावयाचे तर वायूला फुप्फुसाचे आवरण ओलांडून रक्तात आणि रक्तातून पेशीत शिरावे लागते. ही खरीखुरी निरगाठ होती. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढे दिवस ती हा पुरावा अंगावर वागवीत राहते. विषाने मारलेली गाठच अशा रीतीने विषाविरुद्ध साक्षीदार झाली.

राहिला प्रश्न एवढाच की, इतका उतावळा पदार्थ वाटेतच खर्ची न पडता दूरवर गेला कसा? याचे उत्तर १९९० च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठातील टॉमस बेली व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून मिळाले. फुप्फुसाच्या पेशींत शिरताच मिथिल आयसोसायनेटची गाठ ग्लुटाथायोनशी पडते. ग्लुटाथायोन त्याला धरते, हे त्याच्या नित्याच्या कामास साजेसेच आहे. परंतु ही गाठ सुरगाठ असते. धरलेला रेणू काही काळाने सुटतो व पुन्हा पूर्वीइतकाच घातक होऊन जवळच्या प्रथिनाला डसतो. प्रयोगातील उंदरांना हा वायू दिल्यावर त्यांच्या पित्तात ग्लुटाथायोनला जोडलेले मिथिल आयसोसायनेट आढळले. म्हणजे ते फुप्फुसापासून यकृतापर्यंत प्रवास करून आले होते. ज्याने घरातील चोर पकडून वेशीबाहेर घालवावयाचा, त्या रखवालदाराच्याच खांद्यावर बसून चोर साऱ्या गावात हिंडला.

या शोधाचे मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. जर ग्लुटाथायोनची पकड निरगाठीसारखी असती, तर विष तेथेच कोंडले गेले असते. पकड मुळीच नसती, तर ते फुप्फुसातच खर्ची पडले असते. ती मध्यम होती, म्हणून विष दूर गेले. घट्ट ते घातक आणि सैल ते निरुपद्रवी, असा सरळ हिशेब पेशीच्या आत चालत नाही. हीमोग्लोबिनवरील निरगाठ पुरावा म्हणून टिकली, पण हीमोग्लोबिन विपुल असल्याने तिने एकटीने माणूस मारला नाही. ग्लुटाथायोनशी पडलेली सुरगाठ मात्र यकृतापर्यंत वाट काढती झाली. पकडीचे बळ, पकडणाऱ्यांची संख्या, सुटण्यास लागणारा वेळ आणि सुटल्यावर शेजारी कोण भेटतो, या चार गोष्टी एकत्र पाहिल्यावाचून विषाचे वागणे उलगडत नाही.

पुढील हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. पीडितांच्या रक्तातील पुराव्यावरचे संशोधन तेव्हा अद्याप चालूच होते. वैद्यक संशोधन परिषदेने भोपाळमधील आपले अभ्यास १९९४ मध्ये आटोपते घेतले आणि त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध व्हावयास पुष्कळ वर्षे लागली. २०१० मध्ये परिषदेने भोपाळमध्येच पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन केली. सायनाइडच्या उपचारातही दरम्यान भर पडली. ब जीवनसत्त्वाच्या कुळातील हायड्रॉक्सोकोबालमिन सायनाइडला आपल्या कोबाल्ट अणूवर धरून त्याचे ब-१२ जीवनसत्त्व बनविते. २००६ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. तेथेही तत्त्व तेच, गाठीला अधिक बळकट गाठीने उत्तर देणे.

चार इमलीपासून जयप्रकाशनगरचे अंतर काही थोडे मैल आहे. त्या दोन टोकांच्या मध्ये १९८४-८५ च्या हिवाळ्यात जो कागद अडला, त्यावर ‘निर्णायक पुरावा’ असे शब्द होते. शास्त्र निर्णायक पुरावा देते, यात शंका नाही. ग्वाल्हेरच्या आणि वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळांनी तो दिलाही. परंतु त्यासाठी चार-सहा वर्षे लागली, आणि रुग्णाच्या पेशीतील सुरगाठ सोडविण्याची संधी काही दिवसांचीच असते. शास्त्राला वाट पाहता येते. श्वास लागलेल्या माणसाला ती पाहता येत नाही. म्हणून जेथे औषध कमी अपायाचे आहे आणि विषाची शंका सबळ आहे, तेथे औषध देऊन मूत्र तपासावे, हा शवविच्छेदनगृहातून निघालेला सल्लाच अधिक शास्त्रीय होता. हीरेश चंद्र यांच्यापाशी त्या सकाळी ना ग्वाल्हेरची उपकरणे होती, ना पुढे निघालेले निबंध. होता तो रक्ताचा रंग आणि तो वाचण्याची विद्या. आणि त्या दिवशी तेवढ्यावर औषधाची कुपी उघडता आली असती.